उतारा, वजन आणि ध्येय : सहकारी साखर कारखान्यातील प्रगतीच्या मोजमापाविषयी प्रस्तावना

उद्योगाची प्रगती मोजायची तर तीन गोष्टी आधी निश्चित कराव्या लागतात : गाठायचे काय आहे, उद्योग आज कुठे उभा आहे आणि या दोहोंमधील अंतर कोणत्या परिमाणाने धरायचे. व्यवस्थापनशास्त्राच्या परिभाषेत पहिल्या गोष्टीला उद्दिष्ट म्हणतात. आणि ज्या आकड्याच्या चढउतारावरून उद्योग उद्दिष्टाकडे सरकतो आहे की त्यापासून दुरावतो आहे हे ओळखायचे, त्या आकड्याला सूचक असे नाव आहे. या शास्त्रावरील बहुतेक ग्रंथांचा भर योग्य सूचक कसे निवडावेत यावर असतो. सूचक तयार कोण करतो, तो कोणाच्या वहीत लिहिला जातो आणि त्यावरून कोणी कोणाला किती पैसे द्यायचे हे ठरते, हा चौथा प्रश्न मात्र त्यांत मागे राहतो. आणि प्रत्यक्ष व्यवहारात मोजमापावरून जे वाद पेटतात, ते बहुतांशी याच प्रश्नातून निघालेले असतात.

प्रस्तुत विवेचनासाठी महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्याचे उदाहरण निवडले आहे, ते या चौथ्या प्रश्नासाठी. इतर उद्योगांचे सूचक संचालक मंडळाच्या खोलीबाहेर सहसा पडत नाहीत. साखर कारखान्याचे आकडे मात्र गावाच्या पारावर आणि लग्नाच्या पंगतीत बोलले जातात, शेजारच्या कारखान्याशी ताडून पाहिले जातात आणि त्यांवर निवडणुका लढवल्या जातात. त्यांतला पहिला आकडा गाळपाचा, म्हणजे हंगामात किती टन ऊस गाळला याचा. आणि दुसरा उताऱ्याचा, म्हणजे गाळलेल्या दर शंभर टन उसातून किती टन साखर पोत्यात पडली याचा. (शेतकऱ्याच्या आयुष्यात उतारे दोनच, एक सातबाऱ्याचा आणि एक साखरेचा, पहिला तलाठ्याकडे असतो आणि दुसरा कारखान्याच्या प्रयोगशाळेत, म्हणजे दोन्ही त्याच्या स्वतःच्या हाताबाहेर, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.)

उद्दिष्टे ठरवून त्यांच्या आधारे व्यवस्थापन करण्याचा विचार पीटर ड्रकर यांनी १९५४ साली ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ या ग्रंथात मांडला आणि नफा हे एकच उद्दिष्ट धरण्याऐवजी बाजारातील स्थान, नवनिर्मिती, उत्पादकता, कामगारांची कामगिरी, सामाजिक जबाबदारी अशा आठ क्षेत्रांत उद्दिष्टे ठरवावीत असे सुचवले. रॉबर्ट कॅपलान आणि डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या संतुलित गुणपत्रकात आर्थिक आकड्यांच्या जोडीला ग्राहक, अंतर्गत प्रक्रिया आणि शिकण्याची क्षमता अशी तीन दालने आली. दरम्यान १९७५ साली चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने चलनविषयक धोरणाच्या संदर्भात असे निरीक्षण नोंदवले होते की एखाद्या सांख्यिकीय संबंधाचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला की तो संबंधच ढासळू लागतो. पुढे या निरीक्षणाला नियमाचे रूप आले आणि सूचक स्वतःच लक्ष्य बनला की तो चांगला सूचक राहत नाही, अशा शब्दांत ते प्रसिद्ध झाले. हा वैचारिक इतिहास येथे एवढाच पुरे आहे, कारण साखर कारखान्यात तो कोणी वाचलेला नसतानाही त्यातील प्रत्येक अडचण जशीच्या तशी सापडते.

पहिली अडचण उद्दिष्टाचीच आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील लोणी येथे १९५० साली जो सहकारी कारखाना सुरू झाला, त्याच्या रचनेत एक गोष्ट मुळापासून वेगळी होती : कच्चा माल पुरवणारा आणि कारखान्याचा मालक एकच होता. खासगी कारखान्यात उसाचा दर हा खर्च असतो आणि तो जितका कमी तितका नफा जास्त. सहकारी कारखान्यात सभासदाला मिळणारा दर हाच त्याच्या मालकीचा मोबदला असतो, त्यामुळे कारखान्याने भरघोस नफा दाखवला तर सभासद आनंदित होण्याऐवजी वार्षिक सभेत उठून हा पैसा दरात का दिला नाही असे विचारतो. ताळेबंदातील शेवटची ओळ येथे प्रगतीचा सूचक म्हणून जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण ती ओळ शून्याच्या जवळ ठेवणे हेच चांगल्या व्यवस्थापनाचे लक्षण मानले जाऊ शकते.

ही केवळ तात्त्विक गुंतागुंत नाही, हे प्राप्तिकराच्या प्रदीर्घ वादाने दाखवून दिले. केंद्र सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षा जी जादा रक्कम सहकारी कारखाने सभासदांना देत असत, ती कारखान्यांच्या मते उसाची किंमत, म्हणजे खर्च होती; प्राप्तिकर विभागाच्या मते तिच्यात नफ्याचे वाटप दडलेले होते आणि म्हणून तिच्यावर कर लागत होता. तीच रक्कम, त्याच धनादेशाने, त्याच शेतकऱ्याच्या खात्यात गेलेली, एका वहीत खर्च आणि दुसरीत नफा! सरकारने निश्चित केलेल्या किंवा मंजूर केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च धरण्याची तरतूद २०१५ च्या वित्त कायद्याने झाली आणि २०१६-१७ पूर्वीच्या वर्षांची थकीत प्रकरणे मिटवण्याचा मार्ग २०२३ च्या अर्थसंकल्पात मोकळा झाला. त्यातून सहकारी कारखान्यांना सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल, असे अर्थमंत्र्यांनी तेव्हा सांगितले होते. उद्दिष्टाची व्याख्या सैल राहिली तर तिची किंमत किती होऊ शकते, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल.

नफा बाजूला पडला की नजर उताऱ्यावर येते, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण उतारा हा दिसतो तितका साधा आकडा नाही. कारखान्याच्या प्रयोगशाळेत दर काही तासांनी रसाचे नमुने तपासले जातात. रसात विरघळलेल्या सर्व घन पदार्थांच्या टक्केवारीला ब्रिक्स म्हणतात. ध्रुवित प्रकाश रसातून सोडल्यावर तो किती अंशांनी वळतो यावरून काढलेल्या साखरेच्या टक्केवारीला पोल म्हणतात. आणि पोलचे ब्रिक्सशी असलेले प्रमाण म्हणजे रसाची शुद्धता. या तीन आकड्यांवर मुख्य रसायनतज्ज्ञाचा दिवस चालतो. परंतु उसात साखर किती होती, हा मूळ आकडा उसावर थेट मोजला जात नाही. ऊस वजनकाट्यावर तोलला जातो, मिलमधून निघालेला रस तोलला किंवा मापला जातो, रस पुरता निघावा म्हणून चोथ्यावर सोडलेले पाणी मोजले जाते, आणि ऊस अधिक पाणी वजा रस अशा वजाबाकीने बगॅसचे, म्हणजे पिळून राहिलेल्या चोथ्याचे वजन काढले जाते. मग रसातील साखर आणि बगॅसमध्ये राहिलेली साखर यांची बेरीज करून ती उसातील साखर मानली जाते. ज्याला सर्वजण आरंभबिंदू समजतात, तो खरे म्हणजे हिशेबाच्या शेवटी हाती येतो.

या बेरजेतून साखरेचा जमाखर्च मांडला जातो. उसातून आलेल्या साखरेपैकी काही बगॅसबरोबर बॉयलरमध्ये जळते, काही प्रेसमडमध्ये, म्हणजे रस निवळून गाळल्यावर उरणाऱ्या गाळात जाते आणि सर्वांत मोठा वाटा मळीत अडकतो. उरलेली पोत्यात भरली जाते. उसात १३ टक्के साखर असेल तर साधारण दोन टक्के या वाटांनी जाते आणि उतारा ११ च्या आसपास पडतो. मळीतील घट अधिक असेल तर साखर शिजवणाऱ्या पॅन विभागाकडे, बगॅसमधील वाढली तर मिलकडे बोट दाखवता येते, म्हणजे घटीचा प्रत्येक रकाना कोणा एका विभागाच्या कामाचा सूचक असतो. पण या जमाखर्चात एक रकाना असा आहे की त्याची तुलना दुसऱ्या उद्योगांच्या हिशेबांशी मुद्दाम करून पाहावी. त्याचे नाव अज्ञात घट. आलेली साखर आणि मोजता आलेली सर्व साखर यांत जो फरक उरतो, तो या रकान्यात लिहिला जातो. पाइपातून गळालेला रस, उष्णतेने विघटन पावलेली साखर, चुकीचा काटा, चुकीचा नमुना, निष्काळजी नोंद, हे सारे त्यात एकत्र येते. हा रकाना टक्क्याच्या दहाव्या भागाच्या आसपास राहिला तर मोजणी विश्वासार्ह मानली जाते. तो फुगला तर साखर कुठे गेली हे विचारण्याआधी मोजमाप कुठे चुकते हे विचारावे लागते. आणि तो ऋण झाला, म्हणजे आलेल्या साखरेपेक्षा हिशेबात जास्त साखर निघाली, तर कोणत्या तरी उपकरणात दोष आहे किंवा कोणीतरी आकडा बसवला आहे हे निश्चित. आपल्याला काय माहीत नाही याचे परिमाण रोज लिहून ठेवणारी पद्धती व्यवस्थापनाच्या आधुनिक आराखड्यांत क्वचितच आढळते. विक्रीचे, ग्राहकांच्या समाधानाचे किंवा प्रशिक्षणाचे सूचक मांडताना अज्ञाताचा रकाना कोणी ठेवत नाही.

दोन कारखान्यांची तुलना करायची तर आणखी एक दुरुस्ती लागते. एकाच्या उसात तंतू जास्त असेल तर त्याच्या मिलला रस काढणे मुळातच अवघड जाते आणि त्यात मिल चालवणाऱ्यांचा दोष नसतो. म्हणून साखर तंत्रज्ञ नोएल डीर याने तंतूचे प्रमाण सर्वत्र १२.५ टक्के आहे असे मानून मिलची कार्यक्षमता काढण्याचे सूत्र दिले, ज्याला रिड्यूस्ड मिल एक्स्ट्रॅक्शन असे म्हणतात. मिल चालवणाऱ्याच्या हातात जे नाही त्याबद्दल त्याला जबाबदार धरायचे नाही, हे न्यायाचे साधे तत्त्व या सूत्रात गणित होऊन बसले आहे. उताऱ्याच्या सार्वजनिक चर्चेत मात्र हे तत्त्व विसरले जाते. कोल्हापूरकडच्या कारखान्याचा उतारा मराठवाड्यातल्या कारखान्यापेक्षा वर असतो, यात जमीन, पाणी, हवामान आणि उसाचा वाण यांचा वाटा मोठा आहे. तरीही अहवालाच्या मुखपृष्ठावर तो आकडा व्यवस्थापनाचे यश म्हणून झळकतो. हंगामाच्या आरंभी कमी असलेला उतारा जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत चढतो आणि उन्हे तापू लागली की उतरतो, त्यामुळे कारखाना किती दिवस चालला यावरही सरासरी हलते. शेजारच्या पट्ट्यातील ऊस संपेपर्यंत मार्च-एप्रिलमध्ये गाळप करत राहणारा कारखाना सभासदांची सोय पाहतो आणि स्वतःचा सरासरी उतारा गमावतो.

आता उतारा आणि पैसा यांचा संबंध. २००९ पासून केंद्र सरकार उसासाठी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे सर्वत्र एफआरपी या नावाने ओळखला जाणारा दर जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, उतारा ०.१ टक्क्याने वाढला की दर ३.४६ रुपयांनी वाढतो, कमी झाला की तितकाच घटतो आणि ९.५ टक्क्यांच्या खाली घसरला तरी ३२९.०५ रुपयांच्या खाली येत नाही. या रचनेचा अर्थ लक्षात येण्यासाठी एक भागाकार पुरेसा आहे : ३५५ ला १०.२५ ने भागले की ३४ रुपये ६० पैशांच्या आसपासचा आकडा येतो. उसातून निघालेल्या प्रत्येक किलो साखरेमागे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायची ही रक्कम आहे. याउलट साखरेचा किमान विक्री दर केंद्राने २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरवला होता. बाजारभाव ३४ रुपये ६० पैशांच्या वर असेल तर उताऱ्यातील प्रत्येक वाढ कारखान्याला थोडाफार फायदा देते. भाव त्याखाली गेला तर उतारा जितका जास्त दाखवावा तितका तोटा वाढतो. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात ०.१ टक्का म्हणजे १,००० टन साखर, किमान दराने ३ कोटी १० लाख रुपयांची. आणि त्याच ०.१ टक्क्यासाठी शेतकऱ्यांना द्यायचे वाढीव देणे ३ कोटी ४६ लाखांचे. ज्या आकड्यावरून कारखान्याचे देणे ठरते तो आकडा कारखान्याच्याच प्रयोगशाळेत तयार होतो, आणि कधी कधी तो आकडा खाली राहण्यात कारखान्याचा हिशेबी फायदा असतो. शेतकरी संघटना वर्षानुवर्षे उतारा चोरीचा आरोप करत आल्या आहेत. तो आरोप एखाद्या कारखान्याबाबत खरा असो वा खोटा, तो करावासा वाटण्याचे कारण दराच्या सूत्रातच आहे.

काटामारीचा, म्हणजे वजनात मारण्याचा आरोप याच्या जोडीला नेहमी येतो, आणि या दोन आरोपांचे परस्परांशी असलेले नाते सहसा तपासले जात नाही. उतारा म्हणजे साखर भागिले ऊस. काट्याने १०० टन उसाचे ९८ टन दाखवले आणि साखरेची नोंद मात्र प्रामाणिक, समजा ११ टन, ठेवली, तर उतारा ११ वरून ११.२२ वर चढतो. दरही त्याच प्रमाणात चढतो. आणि कमी वजन गुणिले जास्त दर हा गुणाकार पुन्हा मूळ रकमेवर येऊन थांबतो. काटा सर्वांच्या बाबतीत सारखाच चुकत असेल आणि उतारा ९.५ टक्क्यांच्या वर असेल, तर एकूण शेतकरीवर्गाचे नुकसान होत नाही. ते होण्यासाठी चोरलेल्या उसाची साखरही हिशेबाबाहेर जावी लागते, म्हणजे वजन आणि उतारा या दोन्ही नोंदी एकत्र वाकवाव्या लागतात. म्हणूनच वैधमापन खात्याची पथके काटे तपासून गेली आणि काटे अचूक निघाले, तरी तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. आणि काटा चुकीचा निघाला, तरी त्यातून कोणाचे नुकसान झाले हे साखरेच्या साठ्याची मोजदाद केल्याशिवाय सांगता येत नाही. एक सूचक एकट्याने तपासण्याचे वेड किती निष्फळ असते, हे या उदाहरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

वरील गुणाकार मूळ रकमेवर यायचा तर वजन आणि उतारा एकाच हंगामाचे असावे लागतात, आणि येथे मोजमापाचा काळ हा प्रश्न उभा राहतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज लागते. पण हंगामाचा सरासरी उतारा हंगाम संपल्यावरच कळतो. १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि ज्या आकड्यावर ते ठरतात तो पाच महिन्यांनी मिळणार, या पेचातून वाट म्हणून मागील हंगामाचा उतारा धरण्याची रीत पडली. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने ही रीत बदलली : पुणे व नाशिक विभागांसाठी १० टक्के आणि उर्वरित विभागांसाठी ९.५ टक्के उतारा गृहीत धरून पहिला हप्ता द्यावा आणि चालू हंगामाचा खरा उतारा निघाल्यावर उरलेली रक्कम द्यावी, असे ठरले. हिशेबाच्या शुद्धतेच्या दृष्टीने चालू वर्षाचा उतारा अधिक बरोबर होता, यात शंका नाही. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच होता की पूर्ण पैसे १४ दिवसांत मिळायचे ते आता दोन तुकड्यांत मिळणार. शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी या निर्णयाला आव्हान दिले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. अचूक पण उशिरा आलेला आकडा आणि वेळेवर आलेला पण शिळा आकडा यांतून निवड करताना शेतकऱ्याने शिळा आकडा मागितला, आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता व पुढच्या लागणीचा खर्च डोळ्यांसमोर ठेवला तर त्याची निवड समंजस होती, असेच म्हणावे लागते.

इथेनॉलने या चौकटीला आणखी एक हादरा दिला. पारंपरिक पद्धतीत साखरेचे स्फटिक तीन टप्प्यांत काढून घेतल्यावर जी अंतिम मळी उरते, ती आसवनीकडे जाते. तिसरा टप्पा सोडून देऊन दुसऱ्याच टप्प्यावरची, अधिक साखर असलेली मळी इथेनॉलसाठी वळवली, म्हणजे ज्याला बी हेवी मळी म्हणतात ती वापरली, की पोत्यातील साखर घटते आणि उतारा साधारण दीड टक्क्याच्या आसपास खाली येतो. थेट रसच वळवला तर उतारा या शब्दाला अर्थच उरत नाही. कारखान्याने कमी काही केलेले नसते, कदाचित अधिक कमावलेले असते. पण अर्ध्या शतकाहून जास्त काळ ज्या एका आकड्यावर गावोगाव विश्वास होता, तो आकडा अचानक नापास दाखवू लागतो. त्यामुळे वळवलेल्या साखरेइतका उतारा परत मिळवून तो शेतकऱ्याच्या दरासाठी धरण्याची पद्धत आली आणि ही घट प्रमाणित करण्याचे काम पुण्याजवळच्या मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांकडे आले. पोत्यात पडलेला उतारा आणि दरासाठी मानलेला उतारा असे दोन उतारे तेव्हापासून अहवालांत नांदू लागले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रस वळवण्यावर निर्बंध घातले आणि पुढच्या वर्षी ते उठवले, तेव्हा सलग तीन हंगामांच्या उताऱ्यांची तुलना करणे हे तज्ज्ञांनाही तळटीप दिल्याशिवाय शक्य राहिले नाही. उद्योगाचे स्वरूप बदलले की जुना सूचक सोडून देणे हे तर्काने सोपे असते. पण ज्या सूचकाभोवती कायदा, कर्ज आणि राजकारण गुंफलेले असते, तो सोडता येत नाही, त्याला ठिगळे लावावी लागतात. २०१३ च्या राज्य कायद्याने आणलेले महसूल विभागणीचे सूत्र हे मात्र वेगळ्या दिशेने टाकलेले पाऊल होते. साखर आणि प्राथमिक उपपदार्थांच्या एकूण उत्पन्नातील ७० टक्के वाटा उसाच्या दरासाठी धरावा, असे ते सूत्र सांगते. त्यात उताऱ्याऐवजी विक्रीची किंमत मोजायची असते, आणि विक्रीच्या वह्याही अर्थातच कारखान्याकडेच असतात.

उतारा हा सरासरीचा आकडा आहे, याचाही परिणाम दूरवर पोहोचतो. कारखान्यात हजारो शेतकऱ्यांचा ऊस एकत्र गाळला जातो आणि सर्वांना एकच दर मिळतो. ज्याने वेळेवर पक्व झालेला, गोड ऊस दिला त्यालाही तोच आणि ज्याने पाणी देऊन फुगवलेला कच्चा ऊस दिला त्यालाही तोच. शेतकऱ्याचे स्वतःचे असे एकच परिमाण उरते, ते म्हणजे एकरी किती टन. साहजिकच वाणाची निवड करताना त्याची नजर टनेजवर आणि कारखान्याची साखरेवर राहते; पाडेगाव संशोधन केंद्रातून आलेला फुले २६५ हा वाण जास्त टनेज देणारा म्हणून शेतकऱ्यांनी उचलून धरला आणि अनेक कारखान्यांनी उताऱ्याच्या चिंतेने त्याच्याकडे नाराजीने पाहिले, ही याच विसंगतीची परिणती होती. दूध संघात प्रत्येक किटलीचे फॅट काढून प्रत्येकाला वेगळा दर देणे शक्य झाले; उसाच्या बाबतीत प्रत्येक गाडीचा नमुना घेणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, पण सर्वांना समान दर हे सहकाराच्या मूळ कल्पनेशी इतके जोडले गेले आहे की ती सुधारणा मांडणारा संचालक पुढची निवडणूक जिंकण्याची शक्यता कमी आहे. अशा ठिकाणी मोजमापातील ढिलाई ही चूक नसते. ती एका सामाजिक कराराची किंमत असते आणि ती समजूनउमजून मोजलेली असते.

साखर कारखान्याच्या साऱ्या सूचकांच्या मुळाशी वजनकाट्यावरचा टन आहे, आणि या टनावर शेतकऱ्याखेरीज आणखी एका घटकाची कमाई अवलंबून असते, तो म्हणजे ऊसतोड मजूर. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर हंगामात येणाऱ्या या मजुरांना मजुरी टनावर मिळते. वर केलेल्या गुणाकारात वजन घटले तरी उतारा चढून शेतकऱ्याची रक्कम सावरली जात होती; मजुराच्या हिशेबात उतारा कुठेच नाही, म्हणून काट्यावर कमी पडलेला प्रत्येक टन त्याच्या मजुरीतून थेट जातो आणि कोणत्याही सूत्राने परत येत नाही. काटा अचूक असावा अशी खरी गरज ज्याला सर्वांत जास्त आहे, तो कारखान्याचा सभासद नाही, वार्षिक सभेत त्याला मत नाही आणि उताऱ्याच्या चर्चेत त्याचा उल्लेख तोडणी-वाहतूक खर्च या एका ओळीत होतो, जी ओळ शेतकऱ्याच्या दरातून वजा केली जाते.

मोजण्याचे एकक कसे ठरते यावर काय दिसते आणि काय दिसत नाही हे अवलंबून असते, याचा पुरावाही याच मजुरांच्या करारात आहे. मुकादमाशी होणाऱ्या करारात मजुरांची संख्या माणसांत धरली जात नाही, कोयत्यांत धरली जाते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, कोयत्यावर ठरते आणि ती फेडण्याची जबाबदारीही कोयत्यावर असते. जोडीतल्या स्त्रीने तोडलेल्या, मोळी बांधलेल्या आणि डोक्यावरून गाडीत चढवलेल्या उसाचे वजन वेगळे मोजले जात नाही. पण ती एक दिवस कामावर आली नाही तर तो खाडा मात्र मोजला जातो आणि दंड वसूल होतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण चिंताजनक असल्याचे पुढे आल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, आणि मासिक पाळीच्या दिवसांतील खाड्याचा दंड हे त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणून चर्चेत आले. कारखान्याच्या हंगामी अहवालात त्या हंगामाचा उतारा दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत छापला गेला होता, आणि तोडणी यंत्रणेचा हिशेब त्याच्या शेजारी कोयत्यांच्या पूर्णांकात होता.